जमीन आणि उद्यानं जपणाऱ्या संस्थेचे विश्वस्त होताय? नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये कुणी टेकडीवर झाडं जगवतं, कुणी कॉलनीतली मोकळी जागा सांभाळतं, कुणी नंदिनीचा नाहीतर वालदेवीचा काठ साफ ठेवतं. अशा संस्था बहुतेक वेळा पाच-सात मित्र मिळून सुरू करतात. काही वर्षांनी त्यांना नवे विश्वस्त हवे असतात आणि कुणीतरी तुम्हाला विचारतं, "तुमचं नाव टाकू का?" हो म्हणण्याआधी आणि म्हटल्यानंतर लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

विश्वस्ताने नेमकं करायचं काय? दर रविवारी कुदळ घेऊन जायचं का?

गेलात तर उत्तमच, पण त्या कामाला स्वयंसेवक असतात. विश्वस्ताने चार गोष्टींवर डोळा ठेवायचा. या जागेवर आपला हक्क कोणत्या कागदाने आहे आणि तो कधी संपतो? पुढच्या तीन उन्हाळ्यांचं पाणी कुठून येणार? त्याचे पैसे बँकेत आहेत की फक्त कुणाच्या आश्वासनात? आणि जागेवर रोज जाणारा माणूस कोण? या चारांची उत्तरं ज्या मंडळाकडे नाहीत, त्याची लावलेली झाडं सहसा दुसरा पावसाळा पाहत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर तीन महिन्यांतून एक सभा, तिच्या आधी तासभर कागद वाचणं आणि वर्षातून दोनदा जागेची पाहणी. त्यातली एक पाहणी मे महिन्यातच करा. ऑगस्टमध्ये नाशिकची प्रत्येक टेकडी हिरवी असते. कोणतं झाड जगलंय, कुंपण कुठे मोडलंय, टाकी किती दिवसांत रिकामी होते, हे मेच्या उन्हातच कळतं.

संस्था, ट्रस्ट आणि कलम ८ ची कंपनी यांत विश्वस्तासाठी काय फरक पडतो?

महाराष्ट्रात धर्मादाय हेतूची सोसायटी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवली जाते. तिला किमान सात सभासद लागतात आणि तिची १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंद होते. म्हणजे 'ट्रस्ट' म्हणा किंवा 'संस्था' म्हणा, शेवटी धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आलंच. कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी मात्र कंपनी कायद्याखाली चालते. तिथे तुम्ही विश्वस्त नसून संचालक असता आणि दरवर्षीची विवरणपत्रं कंपनी निबंधकाकडे जातात. नाशिकमध्ये पहिला प्रकारच जास्त दिसतो, म्हणून पुढची उत्तरं त्याला धरून आहेत.

नाव देण्यापूर्वी कोणते कागद मागायचे?

संस्थेची घटना, धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा म्हणजे परिशिष्ट १ चा ताजा उतारा, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, इतिवृत्ताची वही आणि ज्या जागेवर काम चालू आहे तिचा करार. हे पाच कागद आठवडाभरात दाखवता आले नाहीत, तर ते आधी शोधा, नाव नंतर द्या.

परिशिष्ट १ नीट वाचा. विश्वस्तांची अधिकृत नावं आणि संस्थेची मालमत्ता तिथेच नोंदलेली असते. सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष म्हणजे बदल अर्ज दाखलच न केलेला असणं. विश्वस्त बदलला, मालमत्ता आली किंवा गेली, तर १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो द्यायचा राहिला की कागदोपत्री दहा वर्षांपूर्वीचेच विश्वस्त राहतात, त्यातले काही परगावी गेलेले, काही वारलेले. मग बँक सही बदलत नाही, महापालिका करार करत नाही आणि कंपनीचा देणगी विभाग फाइल परत पाठवतो. उशीर झाला असेल तर विलंब माफीच्या अर्जासह बदल अर्ज देता येतो, पण उशिराचं कारण पटण्यासारखं लिहावं लागतं. असे जुने बदल एकाच अर्जात कोंबू नका. ज्या क्रमाने माणसं बदलली, त्या क्रमाने प्रत्येक बदलाचा ठराव, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला जोडून स्वतंत्र अर्ज करा. मधला एक राहिला की पुढचे सगळे अडकतात.

माझ्यावर वैयक्तिक जबाबदारी येते का?

येते. पैशांचा गैरवापर, हिशेब न ठेवणं, आदेश न पाळणं यासाठी याच विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं किंवा काढून टाकता येतं. संस्थेचं नुकसान झालं तर भरपाईचा प्रश्नही उभा राहतो. "मी सभेला जात नव्हतो" हा बचाव होत नाही. उलट गैरहजेरी हाच निष्काळजीपणा धरला जाऊ शकतो. एखादा ठराव पटला नाही तर विरोध सभेत तोंडी करून थांबू नका. तो इतिवृत्तात तुमच्या नावासह लिहून घ्या.

आणखी एक. विश्वस्तव्यवस्थेच्या मालमत्तेवर कर्ज काढायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्ताने स्वतःसाठी संस्थेकडून उसने पैसे घेणं तर कायद्याने बंदच आहे, मग ते महिनाभरात परत करायचे असले तरी.

पतसंस्थेत व्याज जास्त मिळतं. ठेव तिथे ठेवली तर?

नको. विश्वस्त कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे विश्वस्तव्यवस्थेचा पैसा अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनाने या कामासाठी मान्य केलेली सहकारी बँक किंवा सरकारी रोखे इथेच ठेवायचा असतो. दोन टक्के जास्त व्याजासाठी पतसंस्थेत ठेवलेली ठेव बुडाली, तर ठराव करणारे विश्वस्त उत्तरदायी ठरतात. चालू खर्चाचे पैसे एका खात्यात आणि झाडांच्या पुढच्या तीन वर्षांच्या निगेचे पैसे वेगळ्या ठेवीत, अशी विभागणी सुरुवातीलाच करा. पैसे एकत्र राहिले की पावसाळ्यातला उत्साह उन्हाळ्याचं पाणी खाऊन टाकतो.

काम करायला जागा कुठून मिळते?

इथे घाई करणाऱ्या संस्था सगळ्यात जास्त फसतात. जागेचा मालक कोण, यावर तुमचा हक्क, मुदत आणि मर्यादा ठरतात.

महापालिकेची उद्यानं आणि मोकळ्या जागा: पालिकेचे सहा विभाग आहेत, नाशिक पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर आणि नाशिकरोड. उद्यान विभागाकडे अर्ज द्याल तेव्हा जागेचा सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ आणि विकास आराखड्यातलं आरक्षण लिहूनच द्या. करारात पाणीजोडणीचं बिल कोण भरणार, वीज कुणाची, फाटक किती वाजता बंद होणार, खेळणी तुटून मूल जखमी झालं तर जबाबदारी कुणाची, फलक किती मोठा आणि करार संपवायला किती दिवसांची नोटीस, हे सगळं असायलाच हवं. ११ महिन्यांच्या करारावर तीन वर्षांची झाडं लावू नका. निदान पाच वर्षं मागा. आणि अधिकाऱ्याच्या तोंडी होकारावर काम सुरू करू नका. अधिकारी बदलतात, झाडं तिथेच राहतात.

वनजमीन: नाशिक जिल्ह्यात पूर्व आणि पश्चिम असे दोन वनविभाग आहेत. इथे जमीन वनखात्याचीच राहते. संस्था, वनविभाग आणि खर्च देणारी कंपनी यांचा त्रिपक्षीय करार होऊ शकतो. गावाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीलाही आधीपासून बरोबर घ्यावं लागतं. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर 'आपलं पर्यावरण' संस्थेने लोकसहभागातून उभी केलेली देवराई हे याचं जवळचं उदाहरण. वनजमिनीवर खोली, सिमेंटचा ओटा किंवा पक्का रस्ता करायची कल्पना कुणी मांडली तर मंडळाने तिथेच थांबवावी. १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली वनेतर वापराला केंद्राची परवानगी लागते.

गायरान: गावातले कुणी सांगतात, "ही गायरानाची जागा तुम्हाला देतो." तसं देण्याचा अधिकार त्यांना नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी जपण्याचे आदेश दिले आणि त्यानंतर महाराष्ट्र शासनाने गायरान वाटपावर कडक निर्बंध आणले. संस्थेने इथे मालकी मागू नये. ग्रामसभेच्या ठरावाने चराई, गवत आणि झाडांच्या निगेत मदत करावी. चराई कुठे चालू राहणार हे ठरवल्याशिवाय कुंपण घातलं, तर ते पहिल्याच हिवाळ्यात तुटतं आणि त्यात चूक गुराख्याची नसते.

संरक्षित दर्जा मिळवून देणं: हा मार्ग लांबचा आहे, पण टिकाऊ आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६अ खाली सरकारी जमिनीला 'संवर्धन राखीव' घोषित करता येतं. राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव आपल्याच जिल्ह्यात, बोरगडला, २००८ मध्ये झालं. पुढे काळविटांसाठी येवल्यातलं ममदापूर आणि गिधाडं व दुर्मिळ वनस्पतींसाठी अंजनेरी. अशा राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी आणि वन्यजीव क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात. खाजगी किंवा गावाच्या जमिनीसाठी याच कायद्यात 'समुदाय राखीव' अशी वेगळी तरतूद आहे. मालकाने स्वखुशीने पुढे यावं लागतं आणि एकदा दर्जा मिळाला की जमिनीचा वापर मनाप्रमाणे बदलता येत नाही. ही बाब मालकाला त्याच्या घरच्यांसमोर समजावून सांगा.

आमच्या कॉलनीतली मोकळी जागा 'आमचीच' नाही का?

मंजूर अभिन्यासातली (लेआउटमधली) मोकळी जागा त्या अभिन्यासातल्या सगळ्या भूखंडधारकांसाठी असते. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या जमिनीच्या अभिन्यासात १० टक्के क्षेत्र करमणुकीसाठी मोकळं ठेवावं लागतं. नगररचना विभागातून मंजूर नकाशाची प्रत काढा आणि मोजणी करून घ्या. निम्म्या तक्रारी इथेच संपतात, कारण शेजारच्या बंगल्याची भिंत कधी दोन मीटर आत आली हे नकाशाशिवाय कुणालाच सिद्ध करता येत नाही. त्या जागेत सभागृह, मंदिर किंवा वाहनतळ करायचा ठराव आला तर विरोध लेखी नोंदवा. एकदा बांधकाम उभं राहिलं की ते हलवायला कॉलनीतलंच कुणी पुढे येत नाही.

विकास आराखड्यात बागेचं आरक्षण असलेली खाजगी जमीन हा वेगळा विषय आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत कार्यवाही झाली नाही तर आरक्षण आपोआप रद्द होतं. आपल्या भागातल्या आरक्षित बागांची यादी करून कोणती मुदतीच्या जवळ आली आहे याचा पाठपुरावा एखाद्या विश्वस्ताने घेतला, तर ते काम शंभर झाडं लावण्याच्या तोडीचं आहे. आरक्षण गेल्यावर मोर्चा काढून काही परत येत नाही.

एक शेतकरी दोन एकर जमीन संस्थेला दान द्यायला तयार आहे. लगेच बक्षीसपत्र करायचं का?

थांबा. आधी सातबारा, ८अ आणि सगळे जुने फेरफार काढा. इतर हक्कांच्या रकान्यात कूळ, बँकेचा बोजा, वाटणीचा वाद आहे का पाहा. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारच्या अटींवर दिलेली जमीन असेल तर हस्तांतरणाला परवानगी लागते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी या भागांत खातेदार आदिवासी असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर बिगर-आदिवासी संस्थेला जमीन देण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६अ चे कडक निर्बंध आहेत. त्यात पळवाट शोधू नका. तिथे आदिवासी कुटुंबाच्या मालकीतच त्यांच्याबरोबर काम करणं योग्य.

दुसरी अडचण सगळ्यांना माहीत नसते. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला शेतजमिनीची विक्री, बक्षीस, अदलाबदल किंवा भाडेपट्टा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय वैध नसतो. ट्रस्ट हा शेतकरी नाही. परवानगी न घेता नोंदवलेलं बक्षीसपत्र पुढे फेरफाराच्या वेळी अडतं आणि जमीन अधांतरी राहते.

क्रम असा ठेवा: मोजणी करून भूमी अभिलेख कार्यालयाची 'क' प्रत, वकिलाचा मालकीचा शोध अहवाल, दात्याच्या सगळ्या वारसांची लेखी संमती, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मंडळाचा ठराव, मग नोंदणीकृत बक्षीसपत्र. त्यानंतर फेरफार, ज्यावर १५ दिवसांची हरकतीची नोटीस निघते. शेवटी ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. वारसांच्या संमतीचा आग्रह कधी सोडू नका. दाता गेल्यावर दावा दाखल होतो तो बहुधा त्याच्या मुलांकडून.

जमीन नाकारण्याचंही धैर्य ठेवा. रस्ता नसलेली, पाणी नसलेली, चारही बाजूंनी प्लॉटिंग सुरू असलेली दोन एकर जमीन संस्थेच्या गळ्यात कायमची पडते. एकदा ती विश्वस्तव्यवस्थेची झाली की विकायला विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायलाही तीच मंजुरी.

अमेरिकेतल्या लँड ट्रस्टसारखं, मालकाने जमीन स्वतःकडेच ठेवून बांधकामाचा हक्क कायमचा सोडायचा, असं इथे करता येतं का?

तिकडे राज्यांच्या कायद्यांत त्यासाठी खास तरतूद आहे आणि अशी बंधनं पुढच्या मालकालाही लागू होतात. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. १८८२ चा सुखाधिकार कायदा आहे, पण तो शेजारच्या जमिनीच्या उपभोगासाठी आहे. त्यावर संवर्धनाचं कायमचं बंधन उभारता येत नाही. इथे हाती उरतं ते म्हणजे परवानगीसह नोंदणीकृत भाडेपट्टा, समुदाय राखीवाचा दर्जा किंवा मालकाचं स्वतःचं विश्वस्तपत्र. साध्या स्टॅम्पपेपरवरचा 'समजुतीचा करार' जमीन विकली गेल्यावर नव्या मालकाला बांधत नाही.

किती झाडं लावायची हे मंडळाने कसं ठरवावं?

उलटीकडून मोजा. आधी पाणी, मग माणूस, मग झाडं.

चार बाय चार मीटरवर एका एकरात साधारण २५० झाडं बसतात. १ डिसेंबर ते १५ जून हे २८ आठवडे धरले आणि पहिल्या वर्षी झाडाला आठवड्याला १० लिटर दिलं, तर एकरी ७० हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे ५,००० लिटरचे १४ टँकर. दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी १५ लिटर दिलं तरी १० ते ११ टँकर. टँकरचा आजचा भाव विचारा, गुणाकार करा आणि तो आकडा लावणीच्या खर्चाशेजारी लिहा. तो पाहून 'पाच हजार झाडं'चा ठराव 'आठशे झाडं' होतो आणि तेच बरोबर असतं.

खड्डे मार्च ते मे दरम्यान खणा. मुरमात २ फूट लांब, रुंद आणि खोल. उन्हात तापू द्या, मग वरची माती आणि ४-५ किलो कुजलेलं शेणखत घालून भरा. लावणी पहिल्या पावसाला नाही, दोन-तीन चांगले पाऊस होऊन खड्डा खोलवर भिजल्यावर. रोप दीड-दोन वर्षांचं, तीन-चार फुटांचं. पिशवी फाडून पाहा. मुळं तळाशी गोल वळलेली असतील तर तो लॉट परत करा. अशी झाडं दोन वर्षं ठीक दिसतात आणि तिसऱ्या वर्षी वाऱ्याने कोलमडतात. रोप पिशवीसकट पुरलेलं सापडणं हा प्रकारही दुर्मिळ नाही. मोठ्या गर्दीच्या वृक्षारोपणात तो हमखास घडतो, म्हणून दर वीस लोकांमागे एक जाणता माणूस उभा करा.

ठिबक घालायचा विचार असेल तर टाकीची उंची मोजा. तीन मीटर उंचीच्या टाकीतून जेमतेम ०.३ बार दाब मिळतो आणि बऱ्याच ड्रिपरना १ बारच्या आसपास लागतो. मग वरच्या ओळीला पाणी पोचत नाही आणि "ठिबक असूनही झाडं वाळली" असा अहवाल येतो. मार्च-एप्रिलमध्ये पाण्यासाठी खारी-उंदीर नळ्या कुरतडतात, त्यामुळे दर आठवड्याला ओळी फिरून पाहायला माणूस लागतोच.

जाती निवडताना जिल्हा एक धरू नका. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, नाशिक शहरात साधारण ७००, सिन्नर-येवल्याकडे त्याहून कमी. त्र्यंबकच्या बाजूला हिरडा, बेहडा, जांभूळ, ऐन. शहराभोवती करंज, कडुनिंब, बहावा, वावळ, उंबर. पूर्वेकडे खैर, हिवर, बोर, आपटा, पळस. रोपवाटिकेत फुकट मिळतात म्हणून गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा कोनोकार्पस घेऊ नका. गिरिपुष्पाखाली दुसरं फारसं काही उगवत नाही आणि एकदा पसरलं की काढणं लावण्यापेक्षा महाग पडतं.

उघड्या माळावर झाडं लावणं हे चांगलंच काम ना?

नेहमी नाही, आणि याबाबत आमचं मत ठाम आहे. येवला, सिन्नर, नांदगावकडचे गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक यांचं ते घर आहे. तिथे दाट झाडी लावली की हे प्राणी-पक्षी निघून जातात, मेंढपाळांची चराई जाते आणि पाण्याअभावी झाडंही जगत नाहीत. मंडळासमोर प्रस्ताव आला की विचारा: इथे पन्नास वर्षांपूर्वी काय होतं? गावातल्या वयस्कर माणसांना विचारून या. उत्तर 'गवत' असेल तर गवत राखा, टणटणी आणि गाजरगवत काढा, चराईचे पट्टे आळीपाळीने बंद ठेवा. त्यात छायाचित्रासारखं काही नसतं, पण काम खरं असतं.

वणव्यासाठी मंडळाने काय ठरवून ठेवायचं?

राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. नाशिकच्या टेकड्यांवरचं गवत त्याच्या खूप आधी वाळतं, म्हणून जाळरेषा जानेवारीतच पूर्ण व्हायला हव्यात. हद्दीभोवती किमान तीन मीटर पट्टा गवत कापून, झाडून स्वच्छ. जागा मोठी असेल तर आतूनही पट्टे काढून तिचे तुकडे पाडा. गवत कापून तिथेच ढीग घालून ठेवणं ही नेहमीची चूक. गवत गावातल्या गुरांना नेऊ द्या. चारा मिळाला की तीच माणसं आग विझवायला आधी धावतात. पाण्याच्या टाकीची चावी, झोडपायला ओल्या फांद्या आणि गोणपाट, कोण कुणाला फोन करणार ही यादी, आणि वनखात्याची 'हॅलो फॉरेस्ट' मदतवाहिनी १९२६ हे पहारेकऱ्याच्या खोलीत भिंतीवर हवं. विझवायला चपला घालून किंवा सिंथेटिक कपड्यांत कुणाला पाठवू नका. बिबट्या दिसल्याची खबरही याच क्रमांकावर द्या आणि त्या संध्याकाळी जागा बंद ठेवा.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांकडून सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) घेताना काय सांभाळायचं?

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालच्या निधीतून पर्यावरणाचं काम करता येतं. संस्थेची आयकर नोंदणी आणि सीएसआर-१ नोंदणी आधी लागते. खरी अडचण वेळापत्रकाची आहे. कंपनीला खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा असतो, खड्डे एप्रिल-मेमध्ये, लावणी जुलैत आणि सगळ्यात मोठा खर्च पुढच्या उन्हाळ्यांत. म्हणून प्रस्ताव 'चालू प्रकल्प' म्हणून द्या. तो सुरू झाल्याचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालवता येतो. 'झाडांची संख्या' ऐवजी 'तिसऱ्या वर्षाअखेर जिवंत झाडं' हे उद्दिष्ट करारात लिहा आणि मेलेल्या झाडांच्या जागी पुन्हा लावण्याचा खर्चही धरा. कंपनी फक्त लावणीचे पैसे देत असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

किरकोळ देणग्यांत लक्षात ठेवा: दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला देणगीदाराला आयकरात सवलत मिळत नाही. देणगीदारांचं विवरण दरवर्षी ३१ मेपर्यंत भरावं लागतं. आयकर नोंदणीची मुदत पत्रावर लिहिलेली असते, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी. परदेशातल्या नाशिककराने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर त्याची देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घेऊ नका, मग तो कितीही जवळचा असो.

विश्वस्तांपैकी एक बांधकाम व्यावसायिक आहेत, एकांची रोपवाटिका आहे. चालेल?

चालेल. त्यांचं ज्ञान उपयोगाचं असतं. अट एकच: दरवर्षी एप्रिलच्या सभेत प्रत्येकाने आपल्या आणि जवळच्या नातेवाइकांच्या जमिनी व धंदे लेखी जाहीर करायचे. आपला संबंध असलेला विषय आला की माहिती द्यायची, खोलीबाहेर जायचं आणि इतिवृत्तात तशी नोंद करायची. रोपं विश्वस्ताच्या रोपवाटिकेतून घ्यायची असतील तर तीन दरपत्रकं मागवा. विश्वस्ताला बाजारभावापेक्षा जास्त पैसे दिले तर संस्थेची आयकर सवलतच धोक्यात येते. ज्याचा प्रकल्प तुमच्या टेकडीला लागून आहे, त्याला मात्र त्या टेकडीचा कुठलाच करार हाताळू देऊ नका.

झाडतोडीची नोटीस आली तर संस्थेने काय करायचं?

शहरात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. वृक्ष अधिकारी वर्तमानपत्रात जाहिरात देतात आणि झाडावर नोटीस लावतात. नोटिशीतल्या मुदतीतच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. 'झाडं तोडू नका' एवढ्या एका ओळीची हरकत सहज फेटाळली जाते. प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, बुंध्याचा घेर, अंदाजे वय, घरटी आणि रस्ता वळवण्याचा पर्याय लिहा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड प्राचीन वृक्षात मोडतं आणि भरपाईची लागवड तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी करावी लागते, म्हणून वयाचा मुद्दा महत्त्वाचा. कुंभमेळ्यासाठी तपोवनात होणाऱ्या साधुग्रामासाठी झाडं तोडण्याच्या प्रस्तावावर २०२५ च्या अखेरीस नाशिककर मोठ्या संख्येने उभे राहिले. अशा वेळी संस्थेकडे त्या परिसराची झाडनिहाय यादी आधीच तयार असणं फार मोलाचं ठरतं. शांत वर्षातच ती करून ठेवा.

सभा आणि हिशेबाचं किमान वेळापत्रक?

फेब्रुवारीत अंदाजपत्रक आणि जाळरेषांची तपासणी. एप्रिलमध्ये हितसंबंध जाहीर करणं आणि पाण्याचा आढावा. जुलैत लावणी, पण ठराव कमी आणि काम जास्त. सप्टेंबरअखेर लेखापरीक्षण पूर्ण. नोव्हेंबरमध्ये जिवंत झाडांची मोजणी आणि उन्हाळ्याच्या टँकरची तजवीज. सभेची नोटीस आणि गणसंख्या घटनेत लिहिल्याप्रमाणे. इतिवृत्त आठ दिवसांत लिहून पुढच्या सभेत कायम करा. व्हॉट्सअॅपवर अंगठे दाखवून झालेला निर्णय म्हणजे ठराव नव्हे.

विश्वस्तपद सोडायचं असेल तर?

राजीनामा लेखी द्या आणि पोच घ्या. मंडळाने तो सभेत स्वीकारल्याच्या ठरावाची प्रत मागून घ्या. बँकेतली सही रद्द झाल्याचं पत्र मिळवा. तुमच्याकडचे करार, चाव्या, मोजणीचे नकाशे, संकेतशब्द यांची यादी करून सहीनिशी सोपवा. मग ९० दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल झाला का हे स्वतः धर्मादाय कार्यालयात जाऊन पाहा आणि अर्जाचा क्रमांक लिहून ठेवा. तो मंजूर होऊन परिशिष्ट १ वरून नाव कमी होईपर्यंत संस्थेच्या नोटिसा तुमच्याच पत्त्यावर येत राहतील, त्या न उघडता ठेवू नका.